कडीवरचं विरजण

शनिवार, १७ नोव्हेंबर १९८४. सकाळी ७.१०

कोठारात उभा राहून लिहितो आहे. बाबांची लाकडी कडी आत्ताच खुंटीवरून उतरवली. तिच्यावर मागच्या बिअरचं विरजण वाळवून ठेवलेलं — करडे, पातळ पापुद्रे. मार्चमध्ये बाबा गेले, तेव्हापासून तिला कोणी हात लावलेला नाही. "चार पिढ्यांचं आहे," असं ते सांगायचे. नाताळची बिअर या वर्षी मी करायची. बाबा नुसतं "बघत राहा" म्हणायचे. मी बघितलं, पण आकडे लिहून ठेवले नाहीत.

म्हणून ग्रंथालयातून पुस्तक आणलं आहे. त्यात सगळे आकडे आहेत.

संध्याकाळी ६

जुनिपरच्या झुडपाच्या वासाळ फांद्या पाण्यात उकळल्या. पुस्तकात त्या नाहीत. का नाहीत? आई म्हणाली, "फांद्यांशिवायची बिअर शहरातल्यांनी प्यावी." त्या पाण्यात माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले सातू, भिजवलं, रस गाळला, चार तास उकळला. मग पिंप बर्फात ठेवून बरोबर वीस अंशांवर आणलं. थर्मामीटर तीनदा धुतला. कडीवरचं विरजण सगळं खरवडून त्या रसात टाकलं.

विरजण टाकताना आरोळी ठोकायची असते. जितकी मोठी, तितकी बिअर कडक. मला लाज वाटली, हळूच ओरडलो. आई म्हणाली, "उंदीरही हलला नाही रे."

१८ नोव्हेंबर

फेस नाही.

१९ नोव्हेंबर

नाही. पिंपाला कान लावला. बाबा लावायचे तसा. काय ऐकायचे ते?

२० नोव्हेंबर

आंबट वास. कडी रिकामी आहे. निम्मं तरी राखून ठेवायला हवं होतं. चार पिढ्या टिकलं, ते माझ्या हातून तीन दिवसांत गेलं. आईला अजून सांगितलेलं नाही.

२१ नोव्हेंबर

पलीकडच्या उतारावरचे म्हातारे ओड्वर आले. "शनिवारी तुमचा धूर दिसला. आरोळी काही ऐकू आली नाही. म्हटलं, पोरगा मुका झाला की काय."

पिंप दाखवलं. त्यांनी वास घेतला.

"किती गार केलंस?"

"वीस अंश. पुस्तकात तसं दिलंय."

ते माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. "ते शहरातल्या विरजणासाठी. आपलं धारोष्ण दुधाइतक्या उबेत जागं होतं. गारठ्यात ते झोपतं, आणि तोवर भलतंच कुणीतरी आत शिरतं. ओत गटारात. शनिवारी येतो."

आईला सांगितलं. ती रागावली नाही. का नाही?

२४ नोव्हेंबर

ओड्वर त्यांच्या घरच्या विरजणाची बरणी घेऊन आले. मी सकाळी नव्याने उकळलेल्या रसात कोपर बुडवून म्हणाले, "आता." मी थर्मामीटर लावला — एकोणचाळीस. ते हसले. "विचार त्या काचेला, माझं कोपर बरोबर आहे ना."

या वेळी पोटातून ओरडलो. दोन्ही उतारांवरची कुत्री भुंकली. तीन तासांत बोटभर फेस! कान लावला. काहीतरी तळताना होतो तसा बारीक आवाज. हेच ऐकायचे तर.

म्हणालो, "पण आमचं विरजण संपलंच ना?"

ओड्वर म्हणाले, "ही बरणी तुमच्या घरी दुसऱ्यांदा आणतोय मी."

पहिल्यांदा कधी, असं विचारलं. त्यांनी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "कॉफी उकळली," आणि आत गेली. कॉफी अजून ठेवलेलीही नव्हती.

१ डिसेंबर

शेजारी चाखायला आले. बिअरचा वाडगा एकदा फिरला, मग पुन्हा फिरला. चव थेट बाबांच्या बिअरची. विरजण ओड्वरांचं, मग चव बाबांची कशी?

नवं विरजण कडीवर वाळत घातलं. निम्मं बरणीत, वेगळं.

३ डिसेंबर

पुस्तक परत केलं. ग्रंथपाल बाईंनी मागच्या पाकिटातलं कार्ड काढलं. माझ्या नावाच्या वर एकच नाव होतं. बाबांचं. नोव्हेंबर १९६१.