एकट्या डुकराचं नाव

कार्ले, आश्विन, १९३४

शेजारचे आबा आज दुपारी ओसरीवर टेकले. रात्री त्यांच्या भातात डुक्कर शिरलं होतं. म्हणाले, "मास्तर, तुमी साळंत ती लॅटिन शिकवायचा न्हवं? डुकराला काय म्हनत्यात तिच्यात?"

पेन्शन घेऊन इथे आल्यापासून मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी सुटलोच. कुठलंही डुक्कर म्हणजे सूस. खच्ची न केलेला नर तो वेर्रेस. रानडुक्कर तो आपेर. आणि कळप सोडून हिंडणारा तो सिंगुलारिस. अर्थ नुसता 'एकटा'.

आबांनी आत पाहिलं. एक खाट, एक ताट.

"मंजी तुमच्यावानी," म्हणाले आणि हसत गेले.

लागलं ते मला. का लागावं? खोटं काय बोलले?

इथे भात पिकलं की दिवेलागणीला राखणदार शेतातल्या माळ्यांवरून एकमेकांना नावानं हाका मारतात. ज्याची ओ येत नाही, त्याला बघायला कुणीतरी कंदील घेऊन जातंच. मला हा कालवा नकोसा होतो, मी खिडकी लावून घेतो. आज ती लावायची राहिली. नावं घेता घेता आबांचा आवाज शेवटी म्हणाला, "मास्तऽऽर!"

माझं नाव त्यात कधीच नसतं. थट्टा असेल म्हणून गप्प बसलो. पुन्हा हाक आली. मग बांधावरून एक कंदील माझ्या घराकडे निघाला.

तेव्हा तरी ओ द्यायला हवी होती. तोंडापर्यंत आली होती. पण दिली नाही. कंदील पार दारात येईपर्यंत दिली नाही.