मोळीवाल्यांचा बोगदा

९ फेब्रुवारी १९३८
सकाळपासून फाटक बंद. मालगाडी रुळांवर आडवी, इंजिन पुढे-मागे करत डबे जोडत होतं. पलीकडे मोळीवाल्या बायका डोक्यावर ओझी घेऊन उभ्या. त्यांतली एक थांबून थांबून कंटाळली आणि डब्यांखालून वाकून निघाली. तेवढ्यात गाडी हलली. मी या बाजूला टांग्यात होते. दिसलं नाही, ऐकू आलं. दवाखाना या बाजूला, बाई त्या बाजूला पडलेली. फाटक उघडेपर्यंत...
संध्याकाळी कळलं, गेली. जिरा नाव होतं.

११ फेब्रुवारी
जिराच्या सोबतिणीकडे जाऊन आले. सोनकाबाई. नागरा गावाहून दोघी रोज बरोबर येत, लाकडं विकून बरोबर परत जात. आज दारातच बसलेली. मला पाहून म्हणाली, "कायले आली, बाई? तुमी कमिटीत हाय म्हनते लोक. कमिटी का करते?"
काय सांगणार. हे गेल्यावर सरकारला शहराच्या कमिटीत बायकांची एक जागा भरायची होती. वकिलाची विधवा, वाचता-लिहिता येतं, म्हणून मला नेमलं. सभेत मला चहा सगळ्यांच्या आधी देतात आणि मत सगळ्यांच्या शेवटी विचारतात. कधी कधी विचारायचं राहूनही जातं.

३ मार्च
सभा. मीच विषय काढला. रुळांखालून माणूस आणि बैलगाडी जाईल एवढा बोगदा. अध्यक्ष देवराव वकील, ह्यांचे जुने मित्र, हसले नाहीत. म्हणाले, "वहिनी, मनातलं बोललात. पण पैसा कुणाचा?"
राईस मिलवाले शेठ लगेच म्हणाले, "बहनजी, मोरी बने तो मेरी मिल के बाजू से बने. जमीन मैं देता हूँ, मुफ़्त में." म्हणजे त्यांच्या गाड्या सरळ मालधक्क्यावर. देवरावांना बोगदा बाजाराजवळ हवा, मतं तिथली. अर्धी सभा इकडे, अर्धी तिकडे. जिराचं नाव कोणी घेतलं नाही. मी घेतलं तेव्हा सगळे टेबलाकडे बघू लागले.

४ मार्च
नारायणभाऊजी (माझे दीर, शेठच्या मिलमध्ये दिवाणजी) जेवताना म्हणाले, "वहिनी, शेठच्या आड येऊ नका. या घरातली चूल तिथूनच पेटते." मी वाढत राहिले. खोटं नाही ते.

२० जून
रेल्वे कंपनीचा साहेब येऊन जागा पाहून गेला. अटी देवरावांनी वाचून दाखवल्या. अर्धा खर्च शहराने द्यायचा. बोगदा मात्र कंपनीच्या मालकीचा, दोन्ही तोंडांना लोखंडी दारं, किल्ल्या स्टेशनमास्तरकडे. कंपनीला वाटेल तेव्हा बंद.
मी विचारलं, "मग फाटकात आणि बोगद्यात फरक काय?"
देवराव म्हणाले, "बोगद्यात माणूस चिरडत नाही, वहिनी. एवढं तरी घेऊ."

७ सप्टेंबर
देवरावांबरोबर नागपूरला. आता आपलं मंत्रिमंडळ आहे, आपली माणसं आहेत, असं स्टेशनवर जाताना ते पुनःपुन्हा म्हणत होते. गाडी आमगावापासून भरलेली, बायकांच्या डब्यात पोरांच्या मधोमध बसून गेले. तरी मन हलकं होतं. फार दिवसांनी.
मंत्र्यांना भेटता आलं नाही. त्यांचे एक चिटणीस भेटले, खादीतले, गोड बोलणारे. शहराच्या वाट्यातला काही भाग सरकार देईल, पण कमिटीत आपल्या पक्षाचं बहुमत हवं. "तुमचे शेठ आमच्यात येतात का बघा. ते आले की काम झालं." उरलेला पैसा शहराने कर बसवून उभा करावा.
शेठना पक्षात घ्यायचं म्हणजे बोगद्याचं तोंड मिलजवळ. हे परतताना आम्हा दोघांनाही कळलं होतं.

२ ऑक्टोबर
शेठ आज काळी सोडून खादीची टोपी घालून सूतकताईला आले. चरखा त्यांच्याने फिरेना.

१८ नोव्हेंबर
कर ठरतो आहे. घरपट्टी वाढवायला कोणी तयार नाही, घरं सभासदांचीच. मिलच्या मालावर नको, शेठ आता आपले. शेवटी जकात. डोक्यावरच्या ओझ्यावर: लाकूड, भाजी, मोहफुलं, मातीची मडकी. मोळीमागे पैसा.
मी म्हटलं, ज्यांच्यासाठी बोगदा, त्यांच्याच डोक्यावर? देवराव म्हणाले, "वहिनी, मतं समसमान आहेत. तुमचं एक राहिलंय. पडलं तर बोगदाही पडला."
उद्या सांगते, मी म्हटलं.

१९ नोव्हेंबर
सकाळी फाटकाशी गेले. बायका तिथेच, ओझ्यासकट. सोनकाबाईला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. किल्ल्या कोणाकडे, तोंड कोणाच्या मिलपाशी, पैसा कोणाचा. त्यांनी आपसात बोलून घेतलं, अर्धं गोंडीत, मला कळलं नाही. एक म्हातारी रागावलेली दिसली, काही वेळ भांडली, मग ओझं डोक्यावर नीट करून बाजूला झाली.
सोनकाबाई म्हणाली, "हप्त्यातून एक दिस तं इथं उभ्या उभ्याच जाते, बाई. बाजार उठून जाते, लाकूड घरी नेऊन टाकतो. द्या मत. आमी देऊ पैसा. पर होईल ना?"
"होईल," मी म्हटलं.
दुपारी हात वर केला.

१२ जानेवारी १९३९
खोदायला सुरुवात. मिलच्या बाजूने. नारळ फोडला, भाषणं झाली. मोळीवाल्या लांब उभ्या राहून पाहत होत्या. सोनकाबाईने प्रसादाचा तुकडा पदरात बांधून नेला. मला खरंच वाटलं, होणार.

२६ एप्रिल
खड्डा बराच खोल गेला. शेठ रोज उभे राहून बघतात. मातीच्या गाड्या त्यांच्या मागच्या पडीक जमिनीत रिकाम्या होतात, म्हणजे फुकटात भरणी. कोणी काही म्हणत नाही. मीही नाही. होऊ दे एकदाचं.
नाक्यावर नाकेदार मोळी दाबून बघतो, मोठी वाटली की दोन मोजतो. तक्रार केली. अध्यक्ष म्हणाले, पाहतो.

१० सप्टेंबर
लढाई सुरू झाली. कंपनीचं पत्र. लोखंड, सिमेंट मिळणार नाही, काम "तूर्त" थांबवावं.

२० नोव्हेंबर
मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. प्रश्न मोठा आहे, देशाचा आहे, मला कळतं. सभेत सगळे उभे राहिले, मीही उभी राहिले. मग मी विचारलं, सरकारने कबूल केलेला वाटा? देवराव जरा रागावूनच म्हणाले, "वहिनी, आज तरी नको."
उद्या तरी कोणाला विचारायचं? चिटणीस आता कोणाचाच चिटणीस नाही.
शेठची टोपी पुन्हा काळी.

३ ऑगस्ट १९४०
खड्ड्यात पाणी भरलं आहे. म्हशी बसतात. पलीकडच्या टोल्यावरची (वस्तीतली) माणसं फाटक बंद असलं की मालगाडीच्या टोकाकडून, खड्ड्याला वळसा घालून येतात. वाट होती त्याहून लांब झाली.
जकात चालूच आहे. बंद करा म्हटलं, तर उत्तर असं की बोगद्यासाठी साठवलेला पैसा सुरक्षित आहे, बोगदा झाला की उपयोगी पडेल.

१४ मार्च १९४१
कमिटी बरखास्त. कारण "अंतर्गत तंटे". खरं कारण देवरावांचे सत्याग्रहवाले, हे शहरातलं शेंबडं पोरही सांगेल. सरकारने एक अधिकारी नेमला. मी आता कोणी नाही. हे बरं वाटावं की वाईट, ठरवता आलं नाही.

३० मे
अधिकाऱ्याला भेटायला गेले. खुर्ची दिली, माणूस सभ्य. बोगद्याचा पैसा लढाईच्या कर्जात गुंतवला आहे म्हणाले, सरकारच्या हातात त्याहून सुरक्षित कुठे असणार. जकात का चालू? "हिशेबात उत्पन्न धरलंय, बाई. काढलं तर भंगी-झाडूवाल्यांचे पगार कुठून देऊ?"
बाहेर आले तर शेठची मोटार उभी. भरणी केलेल्या जागेवर नवीन गोदाम होतं आहे. सैन्यासाठी तांदूळ.

१६ ऑगस्ट १९४२
देवरावांना पकडून नेलं. त्यांच्या बायकोकडे जाऊन बसले. ती म्हणाली, "ते जाताना बोगद्याचं बोलले, बाई. म्हणाले, वहिनींना सांग, माझ्याने झालं नाही." ती रडली नाही, मीही नाही. मग तिने दिवे लावले.

५ जानेवारी १९४३
धान महाग, रॉकेल मिळत नाही, लाकडाला भाव आला. म्हणून जकात वाढली. मोळीवाल्यांच्या हातात काही उरत नाही, भाव आलेला सगळा नाक्यावर जातो.
फाटकावर आज एक म्हातारा लष्करी गाडीच्या डब्यांखालून जाऊ लागला. बायकांनीच धरून मागे ओढला.

११ फेब्रुवारी
सोनकाबाई घरी आली. पहिल्यांदाच. ओसरीवर बसली, पाणी घेतलं. म्हणाली, "बाई, उद्यापासून आमी पैसा देनार नाई. नाक्यासमोर रस्त्यावर बसून राहू. सगळ्या जनी. नागऱ्याच्याही, पलीकडच्या टोल्यावरच्याही."
मी म्हटलं, जमावबंदी आहे. पकडतील. मारतीलही.
"मारू दे. फाटकावर मरतोच हाय."
मग पाण्याचा तांब्या खाली ठेवून म्हणाली, "तुमी तवा मत देलं. आमी द्या म्हनलो म्हनून देलं. दोस नाई देत तुमाले. पर उद्या सोबत बसान का? शिकलेली बाई एक असली तं पोलीस इचार करते."
हो म्हणवलं नाही. नाही पण म्हणवलं नाही.
"नोका येऊ तं नोका येऊ," ती उठत म्हणाली. "आमी बसतोच."

संध्याकाळी भाऊजींना सांगितलं. त्यांना मिलमध्ये आधीच कळलं होतं. शेठने बोलावून विचारलं म्हणे, घर में समझाया क्या. भाऊजी हात जोडून म्हणाले, आणि त्यांनी कधी माझ्यापुढे असे हात जोडले नव्हते, "वहिनी, तुम्ही बसल्या तर माझी नोकरी त्याच दिवशी गेली. तीन पोरी उजवायच्या आहेत. काय होणार बसून? बोगदा होणार आहे?"
नाही होणार, मी म्हटलं. मलाही माहीत आहे. सोनकाबाईलाही असावं.
"मग काऊन बसता?" म्हणाले.
मी ताटं मांडायला उठले.

१२ फेब्रुवारी
भाऊजी न जेवता मिलवर गेले. जाऊबाई चुलीशी, पाठ माझ्याकडे. मोठ्या पोरीने विचारलं, काकू, तुम्ही कुठं जाऊन राहिल्या? मी म्हटलं, कुठे नाही.
जायचं म्हणून लुगडं बदललं, आणि अजून दारातच बसले आहे. पोलिसांची लॉरी बाजाराकडून नाक्याच्या दिशेने गेली. तिकडून आवाज येतो आहे, बायकांचा, गाणं आहे की ओरडणं, इथून समजत नाही.