तुझ्या लाथेचं माप

चिरंजीव काल्यो यास थोरल्या बहिणीचा, म्हणजे सालमेचा, पोटभर आशीर्वाद. इकडे बेटावर आम्ही धडधाकट आहोत. माझा गुडघा पावसाच्या आदल्या दिवशी कुरकुरतो, पण खोटं कधी बोलत नाही, म्हणून मी त्याला सांभाळून घेते. तुझी नाताळची कार्डं वेळेवर पोचतात. त्यावर "सर्वांना शुभेच्छा, काल्यो" एवढंच असतं (गेल्या वर्षी तर "सर्वांना"सुद्धा नव्हतं. तिकडे शाई महागली का रे?). तुझा खोकला कसा आहे ते कार्डावर कधीच नसतं, म्हणून विचारते.

आता गोड बातमी. माझ्या नातीचं, पिरेटचं, लग्न ठरलं. ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी, आपल्याच अंगणात. मुलाचं नाव राउनो. अपघातात चेपलेल्या गाड्या ठोकून सरळ करतो, हात सोन्याचे. लग्नाची बिअर अर्थातच मी करायची, बाबांसारखी, आणि ती बिघडली तर या गावात मला मेल्यावरसुद्धा कोणी सुखानं झोपू देणार नाही. तर ती बिघडायलाच आली होती, आणि त्याला कारण हेच सोन्याचे हात.

आपलं दुधाचं मोठं कॅन तुला आठवत असेलच. बाबांनी बिअरचं काम मला दिलं, म्हणाले पोरीचा हात मापाला बरा, आणि तू त्या कॅनला अशी लाथ घातलीस की त्याचं पोट पाठीला टेकलं. मग तू होडीत बसून गेलास त्याला चोपन्न वर्षं झाली. तू गेलास, पोचा राहिला. मी त्याच कॅननं पाणी मोजत आले, माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूच्या, एका पोत्याला चार कॅन. लिटर मला कळत नाहीत (माझी शाळा गाईंनी चौथीतच सोडवली, तुला माहीतच आहे). एक कॅन ओतलं की एक वाटाणा खिशात. चार वाटाणे झाले की थांबायचं. इतक्या वर्षांत वाटाणा चुकला नाही.

मे महिन्यात माझ्या वाढदिवसाला राउनोनं ते कॅन गुपचूप नेलं आणि पोचा काढून, घासूनपुसून, वर लाल फीत बांधून परत आणलं. आरशासारखं! मी टाळ्या वाजवल्या, त्याचे गाल ओढले. आणि जूनमध्ये, शेकोटीच्या सणाला, त्याच कॅननं चार वाटाणे मोजून बिअर केली. सगळा गाव अंगणात. शेजारच्या हिल्यानं एक घोट घेतला, मगात डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "अगं सालमे, ही बिअर आहे की मगाचं विसळण?" सगळ्यांसमोर, बरं का.

मी आधी माल्टला नावं ठेवली. मग बिअरच्या विरजणाला, यीस्टला (ते हिल्याकडूनच आणलेलं, त्यामुळे दोन आठवडे आमचं बोलणं बंद). मग बिअर गाळायच्या जुनिपरच्या फांद्यांना, मग चंद्राला. शेवटी पिरेट म्हणाली, "आजी, पोचा गेला ना, त्याच्या जागी आता पाणी बसतंय." इतकं सोपं होतं, पण शिकलेल्या माणसालाच दिसलं.

राउनो बिचारा पांढरा पडला. पोचा पुन्हा पाडायचा ठरलं. पण केवढा? ते कोणाला ठाऊक? त्यानं रेघांचं काचेचं भांडं आणलं. पिरेट गवतात गुडघे टेकून, डोळा रेघेच्या बरोबर आणून वाचायची. वरून बघितलं की माप खोटं दिसतं, म्हणे. फेस धरायचा नाही. आणि पाणी गार असतानाच मोजायचं, कारण तापलं की ते फुगतं. (मी म्हटलं, यात नवं काय, माणूससुद्धा निवल्यावरच मोजावा.) राउनो हातोडा मारणार, पिरेट पाणी मोजणार. एकदा पोचा वाटीएवढा, एकदा बादलीएवढा, मग पुन्हा आतून ठोकून बाहेर. शेवटी मी म्हटलं, लाथ मार बाबा. तर हा नातजावई लाथ मारण्याआधी कॅनची माफी मागतो! बूट काढून ठेवतो! अशानं कुठे पोचा पडतो?

तर सध्या असं चाललं आहे. बाकी सगळं ठीक. धुरी दिलेले चपटे मासे यंदा लठ्ठ आहेत. बाबांच्या थडग्यावर पांढरी फुलं लावली.

तुझी,
सालमे

ता. क. सगळ्यांचं एकमत झालं आहे की मूळ लाथेशिवाय हे जमणार नाही. म्हणून लग्नाच्या दोन दिवस आधी यावंस. उजवा पाय आणि जड बूट बरोबर आण. राउनो बंदरावर गाडी घेऊन येईल. नाही म्हणू नकोस, पोरीच्या लग्नाचा प्रश्न आहे.

पुन्हा ता. क. हे कोणाला सांगू नकोस. गेल्या मंगळवारी बिअरचं पाणी ओतायचा तांब्याचा मोठा हंडा राखेनं घासताना आत मला पांढरी रेघ दिसली. चोपन्न वर्षं पाणी तिथवरच येऊन थांबत होतं, त्याचा चुना बसलेला. मी एकटीनं रेघेपर्यंत पाणी भरलं, मगामगानं, एका मगाला एक वाटाणा. एकशे अठ्ठेचाळीस वाटाणे झाले. त्याचे चार भाग पिरेटनं करून दिले, सदतीस (कशाला हवेत ते मी तिला नाही सांगितलं). पोचा काढलेल्या कॅनमध्ये चाळीस बसतात. म्हणजे तुझा राग बरोब्बर तीन मगांचा होता. मी तर जन्मभर जास्त धरत होते.

त्याच रेघेनं केलेली लग्नाची बिअर काल पिंपात गेली. हिल्यानं चाखली आणि आपला मग दुसऱ्यांदा पुढे केला. पोरं अजून मागे ठोकतायत. त्यांना वाटतं मी अंदाजानं केली.

तेव्हा बूट राहू दे. लोकरी मोजे आण, आपल्या स्वयंपाकघराची फरशी अजून तशीच गार आहे.