आगाऊ कृपा

आत्या, आज मी जिंकले. हे आधीच सांगून टाकते, कारण गोष्ट ताणत बसणाऱ्यांचा तुला राग यायचा. ख्रिस्ती धर्मचिंतनावरचं एक इंग्रजी पुस्तक मी मराठीत आणतेय, माझं पहिलंच भाषांतर, आणि कित्येक दिवस एका विशेषणापाशी अडले होते: ‘प्रिव्हेनियंट’. देवाच्या कृपेला लावतात. माणसाने हाक मारण्याआधी, पश्चात्ताप करण्याआधी, लायक ठरण्याच्याही आधी येऊन उभी राहणारी कृपा. गंमत म्हणजे ‘प्रिव्हेंट’ हे त्याचंच भावंड. त्याचाही अर्थ पूर्वी ‘आधी पोचणं’ असा होता. आधी पोचलेला वाटेतच उभा राहिला आणि अर्थ झाला ‘अडवणं’. तू असतीस तर या दोन शब्दांवर आपली अख्खी दुपार गेली असती, भाजी करपेपर्यंत.

कोशातून मी ‘पूर्वगामी’ काढला. बरोबर होता आणि निर्जीव होता. मग एकदा चहा गाळताना कर्वेनगरचं आपलं स्वयंपाकघर आठवलं. शाळेच्या फाटकापाशी मला भीतीने उलटी व्हायची, म्हणून दुसरीपर्यंत तू मला या स्वयंपाकघरातच शिकवलंस. तिसरीच्या प्रवेशपरीक्षेचा आदला दिवस. मी ओट्याला टेकून पाढे पुटपुटतेय आणि तू पेढ्यांचा पुडा घेऊन येतेस. शेजारच्या काकूंना दारातच एक देतेस.

“अगंबाई, निकाल लागला वाटतं?”

“छे, परीक्षा उद्या आहे.”

“अहो, पण नापास झाली तर?”

“तर पेढा परत आणून द्या.”

मी रडवेली होऊन म्हणाले, पास झाल्यावर खाईन, आत्ता माझा हक्क नाही. तेव्हा मात्र तू चिडलीस. “पास होऊन खाल्लास तर ती मजुरी झाली. हा पेढा मजुरीचा नाही. तोंड उघड.”

म्हणून मी लिहिलं, ‘आगाऊ कृपा’. आज प्रकाशकांकडे बैठक होती. संपादक होते, पुस्तक तपासणारे फादर होते. संपादकांनी पान उलटलं आणि थांबले. “आगाऊ? अहो, रक्कम आगाऊ असते, नाहीतर कार्टी. देवाने तुमचं काय वाकडं केलंय?” सगळे हसले. अशा वेळी मी काय करते ते तुला माहीत आहे. “हो सर, बदलते.” ते शब्द जिभेवर आलेही होते. पण आज ‘आगाऊ’ बदलला असता तर पुढच्या प्रत्येक पानावर मी मान डोलावतच गेले असते, आणि पुस्तक माझं राहिलं नसतं.

“मला दोन्ही अर्थ हवेत, सर,” मी म्हणाले. “न बोलावता आधी येते, म्हणजे ती आगाऊच.” आणि पेढ्यांची हकिकत सांगितली. अगदी सगळी सांगितली. तुझ्या “परत आणून द्या”वर फादर इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. “कृपा नेमकी हीच,” ते म्हणाले. “हा शब्द राहू द्या. आणि आत्याबाईंना मी रविवारी प्रवचनात घेणार.”

संपादक एवढ्यावर सोडणारे नव्हेत. “ठीक. पण खाली तळटीप द्या. लोक विचारतील.”

“विचारू देत, सर. तळटीप नको.”

हे मी म्हणाले, आत्या. रिक्षावाल्यालासुद्धा पत्ता दोनदा सांगणारी मी! त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, “आगाऊ आहात,” म्हणाले आणि पान उलटलं. बाहेर आले तेव्हा मला भर रस्त्यात हसू आवरेना.

हे तुझ्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणून एक कबूल करून टाकते. तळटीप मी घरूनच लिहून नेली होती, चांगली अर्धं पान. बैठकभर ती पर्समध्ये होती, आणि माझा हात पर्सच्या चेनवर.