एकोण म्हणजे नऊ

सोमवार, ९ फेब्रुवारी २००४

वार्षिक परीक्षा अजून दोन महिने लांब, आणि हरिश्चंद्र गुरुजींनी माझ्या तिसरीच्या वर्गातल्या श्रद्धाला आत्ताच नापास केलं! "बाई, पोर ढ आहे हो. चाचणीत पाचपैकी शून्य. बसू दे तिसरीतच अजून एक वर्ष." मुख्याध्यापक झाले म्हणून काय झालं? मी "हो" म्हटलं नाही. "बघते" म्हटलं. घरी येऊन भांडी आपटली.

मंगळवार, १० फेब्रुवारी

श्रद्धाची आई आली होती, सावित्री. नवरा बोटीवर, कडेवर धाकटा. आवाज न चढवता म्हणाली, "परत तिसरीतच बसवणार असाल तर घरीच ठेवते तिला. ह्याला सांभाळील तरी." श्रद्धा दाराआडून ऐकत होती. मला रडू आलं. रडले नाही, पण आलं.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

शिक्षकांच्या शिबिरात शिकवलेलं करून बघायचं ठरवलंय. एक गणित, चार उत्तरं, एकच बरोबर. खरी गंमत चुकीच्या तिनांत. प्रत्येक चूक मुलांच्या डोक्यातून निघालेली हवी — म्हणजे कोण कुठे अडलंय ते नुसत्या अक्षरावरून कळतं. म्हणायला सोपं! मी ४२ वजा १७ काढलं आणि एक चुकीचं उत्तर ३५ ठेवलं. नवरा उन्मेष बँकेत कारकून, त्यामुळे आकड्यांत नाक खुपसणारच. "अगो, दशक उसना घेऊन विसरला तरी पस्तीस, आणि नुसता मोठ्यातून लहान काढला तरी पस्तीस. कोणाची चूक कुठली, कसं कळायचं तुला?" त्याचं बरोबर होतं, म्हणून जास्त राग आला. ५२ वजा १८ घेतलं. त्यात दर चुकीला वेगळं उत्तर येतं.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

काय धमाल आली! फळ्यावर एकामागून एक पाच गणितं, पाटीवर फक्त अ, ब, क, ड. मी "वर" म्हटलं की सगळ्या पाट्या एकदम वर. कोणाचं काय चुकतंय ते एका नजरेत दिसलं. एवढ्या चुका बघून इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

आणि श्रद्धा? पाचही बरोबर. मग गुरुजींकडे शून्य कसं?

शनिवार, १४ फेब्रुवारी

सापडलं! गुरुजी चाचणीची गणितं तोंडी सांगतात. म्हणून आज मी आकडा नुसता उच्चारला — एकोणतीस. फळ्यावर चार पर्याय: २९, ३९, ९२, २०९. श्रद्धाने ३९ निवडला. एकटी नाही, अर्ध्या वर्गाने तोच!

"का गं?"

"बाई, एकोणीसमध्ये नऊ आहेत ना? मग एकोण म्हणजे नऊ. नि तीसचे तीन."

आता हिला ढ म्हणायचं! गुरुजींच्या चाचणीचा तिचा पेपर काढून पाहिला. पाचही गणितांत एकोणवाले आकडे. पोरं त्यातच फसतात म्हणून ते मुद्दाम घालतात. तिने चुकीचे आकडे लिहून घेतले होते आणि त्यांची बेरीज-वजाबाकी अगदी बिनचूक केली होती.

सोमवार, १६ फेब्रुवारी

तीस चिंचोके मांडले, एक मुठीत दडवला. "तिसाला एक उणा, तो एकोणतीस." मग चाळीस, पन्नास, साठ. श्रद्धाने हात वर केला. "मग नव्व्याण्णवला एकोणशंभर का नाही म्हणत?" "माहीत नाही बाई मला," म्हटलं. पोरं जाम खूश.

शुक्रवार, ५ मार्च

आज एकोणसत्तरला सगळ्या पाट्यांवर एकच अक्षर. वर्ग नाचला. मीसुद्धा.

शुक्रवार, १६ एप्रिल

गणिताचा पेपर. गुरुजी स्वतः तोंडी घ्यायला आले. "एकोणसाठ अधिक एकोणतीस." श्रद्धाने खाली मान घालून लिहिलं — ८८. पाचपैकी पाच! गुरुजींनी तिचा पेपर पुन्हा तपासला. "आता म्हणा ढ!" हे ओठांवर आलेलं गिळायला मला फार कष्ट पडले.

शनिवार, १ मे

झेंडावंदन, मग निकाल. श्रद्धा चौथीत! सावित्रीने माझ्या हातावर साखर ठेवली. "जूनला नवी पाटी घेते तिला," म्हणाली. मी सुखावले. पण श्रद्धा मुसमुसत होती. "चौथीला तर गुरुजी असतात. तुम्ही तिसरीलाच राहणार." मलाही तेच डाचत होतं.

रविवार, २ मे

गुरुजी घरी आले! माझे हात फणसाच्या चिकाने भरलेले. पाणी प्यायले, बराच वेळ उन्हाविषयी बोलले. मग म्हणाले, "जूनपासून चौथी तुम्ही घ्या. तिसरी मी घेतो."

उठले, दारापर्यंत गेले आणि थांबले.

"चुकीची उत्तरं कशी काढायची, तेवढं शिकवा मला, बाई."