भाकर न घेणारा माणूस

प्रिय धाकट्या,

माझं अक्षर बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. बाबा माझ्याकडे राहायला आलेत, एवढंच. पेटी घेऊन दारात उभे राहिले आणि म्हणाले, देवाशी समेट झालाय. मी मनात म्हटलं, वा रे वा! जन्मभर देवाचं नाव फक्त शिव्या देताना घेतलं, आणि करवत धरताना हात थरथरायला लागल्यावर बरा समेट झाला! दुधाने तोंड पोळलेली मी, ताकही फुंकूनच पिणार. बाहेरची खोली दिली त्यांना, पण कपाटाची किल्ली कमरेला खोचली.

चहाआधी ते डोळे मिटून प्रार्थना करतात. मी स्वयंपाकघरातून डोकावते, पापण्या किलकिल्या तर नाहीत ना! काहीतरी निमित्त काढून जवळ जाते आणि दारूचा वास येतोय का बघते. येत नाही. माझी डुगडुगणारी खुर्ची त्यांनी न सांगता नीट केली, तर मी फटकन विचारलं, की आता काय हवंय. बिचारे हत्यारं गोळा करून बाहेरच्या खोलीत गेले. तरी मला वाटायचं, कुठंतरी पाणी मुरतंय.

मग एका रविवारी त्यांच्या मागोमाग चर्चमध्ये गेले. ते शेवटच्या बाकावर होते. प्रभुभोजनाचं, सगळ्यांनी एकेक तुकडा घ्यायच्या भाकरीचं ताट हातोहात फिरत आलं. बाबांनी ते धरलं आणि भाकरीला हात न लावता शेजारच्याला दिलं. पुढच्या खेपेलाही तेच. मला वाटलं, सापडली चोरी! ज्याचा देवाशी समेट झाला तो देवाच्या पंगतीतून उपाशी कशाला उठेल?

तडक चर्चच्या पाळकांना गाठलं. ते म्हणाले, मी परोपरीने सांगून थकलो, की ख्रिस्ताने तुमच्यासाठी सगळं केलंय, तुम्ही फक्त हात पुढे करा. पण बाबा त्यांनाच उलट विचारतात, देवाने मला घरात घेतलं, पण मी ज्याला घराबाहेर काढलं त्याचं काय? त्याच्याशी समेट झाल्याशिवाय ही भाकर कशी घेऊ?

म्हणजे तू. एक फळी आखूड कापलीस म्हणून गिऱ्हाइकांसमोर पट्टीने झोडपून काढलं होतं तुला, आणि अंगावरच्या कपड्यांनिशी घराबाहेर हाकललं. मला वाटायचं, हा माणूस ते विसरला. कसला विसरतोय! पट्टी तुझ्या कोणत्या खांद्यावर मोडली तेही सांगतात.

तरी मी मेली संशयी. म्हटलं, हे सगळं तुझ्या कानावर जावं म्हणूनच चाललेलं नाटक असणार. म्हणून मुद्दाम विचारलं, धाकट्याला कळवू का? बाबा रंधा खाली ठेवून म्हणाले, "नको. मारलं मीच, आता माफीही मीच ओढून घेऊ?"

नाटक करणारा माणूस असं म्हणेल का रे? मला खरंच कळेना. गेल्या रविवारी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. त्यांनी ताट माझ्याकडे दिलं, आणि माझा हातच उचलेना. ज्याच्या तोंडाचा मी रोज वास घेते, त्याला खेटून बसून मी कोणत्या तोंडाने ती भाकर खाऊ? मीही ताट तसंच पुढे दिलं. बाबांनी पाहिलं, आणि खाली मान घालून रडले. माझ्यासाठी रडले रे, स्वतःसाठी नाही. त्यांना न सांगता लिहितेय. माफ कर असं मी म्हणणार नाही, तो तुझा प्रश्न. पण एकदा ये आणि हो की नाही, जे असेल ते त्यांच्या तोंडावर सांग. आता आम्ही दोघं उपाशी उठतोय.

तुझी वाट बघणारी, तुझीच,
ताई