दंडात टोचलेला दगा

४ नोव्हेंबर
फ्लूची लस टोचून घेतली. ताईची अट. म्हणाली, मामा असलास तरी लशीशिवाय माझ्या लेकीला हात लावायचा नाही. ३ डिसेंबरपासून रजा मंजूर. भाचीला अजून पाहिलेलंच नाही. नर्सबाई बरंच काही सांगत होत्या, लागण तरीही होऊ शकते, झाली तर हलकी जाते वगैरे. मी दंड फुगवण्यात गुंतलो होतो. फ्लूचा आणि माझा संबंध संपला.

५ नोव्हेंबर
दंड ठणकतोय. म्हणजे आत काम जोरात चालू.
आमच्या लॉन्ड्रीत लस घेणारा मी एकटाच. कामगारांच्या खोलीत माझ्या खालच्या बंकवर झोपणारे इस्त्रीकाका म्हणतात, सगळा जन्म वाफेत गेला, मला कुठला जंतू शिवतोय. अडाणी माणूस.

२४ नोव्हेंबर
काका तापाने फणफणले. सगळे लांब सरकले. मी त्यांच्या कपातला उरलेला चहा प्यालो, सगळ्यांदेखत. काका म्हणाले, मर गाढवा. प्रेमानं म्हणाले.

२७ नोव्हेंबर, दुपार
जराशी कणकण. ड्रायरपाशी उभं राहिलं की अंग तापतंच.

संध्याकाळ
ताप आहे.

२८ नोव्हेंबर
शुद्ध दगा. नर्सबाईंना जाब विचारला. म्हणाल्या, यंदा पसरलेला फ्लू लशीतल्यापेक्षा थोडा बदललाय, तरी लस काही वाया जात नाही. म्हणजे वॉचमनला फोटो दिला एका चोराचा आणि आत शिरला त्याचा भाऊ. मी आवाज चढवला. त्या म्हणाल्या, भांडायला पायांनी चालत आलास ना, जा, झोप.

३० नोव्हेंबर
ताप उतरला. माझ्या अंगातली रग, दुसरं काय. काकांना काल दवाखान्यात नेलं, ऑक्सिजन लावलाय. चार्जर आणि मोजे देऊन आलो. मास्कमधून विचारत होते, ती लस कुठे देतात रे. म्हटलं, नादी लागू नका काका, फसवणूक आहे.

२ डिसेंबर
बॅग भरली. भाचीचा खुळखुळा सगळ्यात वर.
संध्याकाळी सुपरवायझरनं बोलावलं. अख्खी लॉन्ड्री तापाने आडवी, चादरींचे ढीग खिडकीच्या वर गेलेत. म्हणाला, तू एकटाच उभा आहेस, तुझी रजा रद्द.
ताईला फोन केला. म्हणाली, बरंच झालं बाबा, अजून खोकतोयस. मग तिनं भाचीच्या कानाला फोन लावला. मी खोकलो. ती हसली.

३ डिसेंबर
काकांच्या इस्त्रीवर मला उभं केलंय. पुढच्या वर्षी लस घेणार नाही. सगळ्यांसारखा आडवा पडेन.
खुळखुळा लॉकरमध्ये टाकलाय. दार लावलं की वाजतो.